मदत हवी आहे: पाहुणे आले की कुत्रा भुंकतो, उठले की मागून धरतो

मोगरा

नमस्कार. कुत्रा नर, वय ३ वर्षं, वजन २४ किलो, नसबंदी झालेली, रेबीजची लस वेळच्या वेळी. घरच्यांच्या अंगाखांद्यावर खेळतो. बाहेर फिरताना अनोळखी माणसांकडे ढुंकूनही पाहत नाही. सगळा गोंधळ घरातच. बेल वाजली की दाराकडे झेप, पाठीवरचे केस ताठ आणि भुंकणं. पाहुणा आत आला की चार-पाच फुटांवरून भुंकतो, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. पाहुणा सोफ्यावर टेकला की दहा-पंधरा मिनिटांनी आवाज थांबतो, पण नजर हटत नाही. पाहुणा जायला उठला की मागून येऊन पँटचं टोक दातात धरतो. अजून कोणाला चावलेला नाही.

सध्या पाहुण्यांच्या हातून बिस्किट देतो. तो मान लांब करून घेतो आणि गिळल्या गिळल्या पुन्हा भुंकतो. दुसऱ्या खोलीत ठेवलं तर दार ओरबाडतो.

हे राखण करणं आहे की आणखी काही? त्याला पाहुण्यांसमोर ठेवावं की बाजूला? पुढच्या महिन्यात पाहुणे ४ दिवस राहायला येणार आहेत, सोबत ६ वर्षांची मुलगी. तोपर्यंत काय जमण्यासारखं आहे?

पायवाट

तुम्ही दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. दोन पावलं पुढे-दोन मागे आणि उठलेल्या माणसाला मागून धरणं, ही दोन्ही भीतीची लक्षणं. खात्रीचा राखणदार कुत्रा वाटेत आडवा उभा राहतो, मागे सरकत नाही. समोरून जायची हिंमत नसते आणि माणसाची पाठ फिरली की ती येते, तेव्हा पँट धरली जाते. केस ताठ होतात म्हणजे राग आलाच असं नाही, भीतीनेही होतात.

ही सवय इतकी पक्की का होते तेही पाहा. दारात येणारे बहुतेक लोक सामान देऊन मिनिटभरात परत जातात. कुत्र्याच्या हिशेबात मात्र ‘मी भुंकलो, तो गेला’. रोज भुंकणं, रोज यश. आत येऊन बसणारा माणूस हा हिशेब मोडतो, म्हणून त्याच्यावर जोर वाढतो.

भुंकण्याच्या आधीच्या खुणा घरातल्या सगळ्यांनी ओळखायला शिका: उघडं तोंड एकदम मिटणं, अंग क्षणभर थिजणं, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. यातली एक जरी दिसली तरी लगेच अंतर वाढवा. आणि गुरगुरण्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं दाबलं की भीती तशीच राहते, तुम्हाला मिळणारी सूचना तेवढी बंद होते. मग कुत्रा थेट दात लावतो आणि लोक म्हणतात, काही न करता चावला.

सुरुवातीलाच पशुवैद्यांकडून कान, दात, कंबर आणि सांधे तपासून घ्या, विशेषतः हे वागणं अलीकडे वाढलं असेल तर. अंग दुखत असलेल्या कुत्र्याला माणूस जवळ येणंच नको असतं, आणि दुखणं शिकवणीने जात नाही.

भारद्वाज

पाहुण्यांच्या हातून बिस्किट देणं आजपासून बंद करा. सगळीकडे हाच सल्ला मिळतो आणि सगळ्यात जास्त घात तोच करतो. होतं असं: कुत्र्याला माणसापासून लांब राहायचंय, पण खाऊ माणसाच्या हातात. खाऊच्या ओढीने तो जवळ जातो. मागचे पाय मागेच रोवलेले, मान मात्र पुढे ताणलेली. तुमचं ‘मान लांब करून घेतो’ ते हेच. तोंडातलं संपलं की त्याच्या लक्षात येतं, आपण या माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत. तिथून भुंकणं किंवा चावा.

त्याऐवजी असं करा. पाहुणा खुर्चीत, कुत्र्याकडे तोंड न करता थोडा तिरका बसलेला. कुत्रा तुमच्या हातातल्या लीशवर (दोरीवर), १० ते १२ फुटांवर. पाहुण्याने तुकडा कुत्र्याच्या पलीकडे, त्याच्या मागे ५-६ फुटांवर टाकायचा. कुत्रा वळून तिकडे जातो, खातो. त्याला दोन बक्षिसं मिळाली: खाऊ, आणि माणसापासून सुटका. मग तो आपणहून परत फिरतो. जिथे थांबेल तिथून पुन्हा त्याच्या मागे टाका. काही फेऱ्यांनंतर तो आपल्या मनाने थोडा जवळ थांबू लागतो. तो जवळ आला म्हणून तुकडा जवळ टाकायचा मोह होतो, तो आवरा. तुकडा पायाशी पडू लागला की पुन्हा बिस्किटाचाच प्रकार.

टाकताना हात खालून झुलवावा. वर उगारलेला हात पाहून बरेच कुत्रे दचकतात. तुकडे वाटाण्याएवढे आणि मऊ हवेत. बिस्किट चावायला वेळ लागतो आणि लय तुटते. मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन चांगलं. एका बैठकीला १५-२० तुकडे, मग थांबा. तेवढं त्याच्या जेवणातून कमी करा.

पाहुण्यांना घरात शिरण्यापूर्वीच सांगून ठेवा: त्याच्याकडे पाहू नका, त्याच्याशी बोलू नका, वाकू नका. वास घ्यायला हात पुढे करणंही नको. कुत्र्याला वास लांबूनच येतो. पुढे आलेला हात त्याला फक्त कोंडीत पकडतो.

रानजाई

वर सगळं पाहुणा आत आल्यानंतरचं आहे. तुमचा कुत्रा तर बेलच्या आवाजालाच पेटतो, म्हणजे पाहुणा दिसण्याआधीच तो भरलेला असतो. म्हणून बेल वेगळी शिकवावी लागेल.

तुमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. कुत्रा निवांत असताना अगदी हळू लावा. कान हलेल पण तो उठणार नाही, इतका हळू. आवाज झाला की एक-दोन सेकंदांत चिकनचा तुकडा. क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी पुडीत हात गेला आणि मग बेल वाजली, तर कुत्रा पुडीची सळसळ ओळखायला शिकतो आणि बेल आहे तिथेच राहते. एका वेळी ८-१० वेळा पुरे, दिवसातून दोनदा. आवाज ऐकून तो दाराऐवजी तुमच्याकडे वळू लागला की एक पायरी वाढवा. भुंकला तर आवाज फार वाढला होता. रागावू नका, दोन पायऱ्या खाली या.

फोनवर जमलं म्हणजे खऱ्या बेलवर जमेल असं नाही. फोनचा बारका स्पीकर बेलचा आवाज पूर्ण काढत नाही, शिवाय आवाज वेगळ्या दिशेने येतो. म्हणून पुढे घरातल्या एकाने बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची, आत कोणीच यायचं नाही. दिवसभरात अधूनमधून अशी रिकामी बेल वाजली की ‘बेल म्हणजे परका’ ही गाठ सैल होते.

मग याला जागेची जोड द्या. दारापासून लांब, जिथून दार सरळ दिसत नाही, तिथे त्याची चटई. बेल झाली की तुम्ही चटईकडे चालायला लागायचं आणि ५-६ तुकडे तिथे पसरायचे. हुंगत खाणं कुत्र्याला शांत करतं, आणि तोंड खाण्यात गुंतलं की भुंकणं थांबतं. हे बसेपर्यंत खरे पाहुणे फोन करून येऊ देत, बेल न वाजवता.

मोगरा

खूप आभार. तीन शंका. एक, काही वेळा पाहुणे समोर असताना तो चिकनलाही तोंड लावत नाही. दोन, ओळखीतले लोक गळ्याला आवळणारी साखळी किंवा लीशचा झटका सुचवताहेत. तीन, मुलीचं काय?

भारद्वाज

खात नाही याचा अर्थ त्याला भूक नाही असा नाही, माणूस फार जवळ आहे असा आहे. हिसकावून, दात लावून घेतला तरी अर्थ तोच. अंतर दुप्पट करा किंवा त्याला सरळ बाजूला न्या. त्या अवस्थेत तो काही शिकत नाही, उलट भीतीचाच सराव होतो. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस पाहुणे टाळता आले तर टाळा. आधीचा ताण पुरता उतरलेला नसताना पुढचा पाहुणा आला की तो एरवीपेक्षा लवकर पेटतो.

झटका आणि आवळणारी साखळी अजिबात नको. कुत्रा पाहुण्याकडे पाहतो आणि गळा दुखतो. तो जोड लावतो ती पाहुणा आणि दुखणं यांची, भुंकणं आणि दुखणं यांची नाही. वरवर गप्प झालेला दिसेल, म्हणून लोकांना उपाय लागू पडल्यासारखं वाटतं. आतली भीती वाढलेली असते. छातीवरून जाणारा हार्नेस आणि ६ फुटांची साधी लीश घ्या. लीश सैल ठेवा, ताणलेली लीश स्वतःच त्याला सांगते की काहीतरी बिनसलंय.

पायवाट

मुलीच्या बाबतीत शिकवणीवर भिस्त ठेवू नका. महिना पुरेसा नाही, आणि मुलं धावतात, किंचाळतात, त्यांचा चेहरा मोठ्यांपेक्षा कुत्र्याच्या तोंडाच्या जवळ असतो. चारही दिवस दोघांमध्ये भक्कम आडोसा हवा: मुलांसाठी दारात लावतात तसं फाटक, वजन २४ किलो आहे म्हणून भिंतीला स्क्रूने बसवलेलं, नुसतं दाबून अडकवलेलं नको. मोठं माणूस लक्ष ठेवतंय म्हणून फाटक उघडं, असं एकदाही नको. चावा अर्ध्या सेकंदात होतो. कधी दात लागलेच तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या, लस झालेला कुत्रा असला तरी.

खोलीचं दार तो ओरबाडतो, कारण त्या खोलीत तो पाहुणे आले तरच जातो. आजपासून पाहुणे नसताना रोज तिथे जेवण, चघळायची वस्तू, तुमच्यातलं कोणी पुस्तक घेऊन बसलेलं. आधी दार उघडं, मग काही सेकंद लोटलेलं, मग मिनिटभर बंद. पाहुणे येण्याच्या १० मिनिटं आधी त्याला तिथे न्या, बेल वाजल्यावर ओढत नेऊ नका. बाहेरचा आवाज कमी जावा म्हणून आत पंखा किंवा संगीत.

तोंडाच्या जाळीची सवयही आत्ताच लावा. टोपलीसारखी, आत तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल अशी. तोंड बांधून टाकणारा कापडी प्रकार नको. आत खाऊ ठेवून तो आपणहून नाक घालेपर्यंत पट्टा लावू नका. यालाही दोन-तीन आठवडे जातात, म्हणून उशीर नको.

हे नीट करूनही तो दिवसभर दाराकडेच कान लावून बसत असेल तर औषधाबद्दल पशुवैद्यांशी बोला. भीती कमी करणाऱ्या फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे या पाहुण्यांसाठी ते कामाचं नाही, पुढच्यासाठी आहे. नुसती गुंगी आणणारी गोळी मागू नका. अंग जड होतं, भीती तशीच. माणसांच्या गोळ्या मनाने तर कधीच देऊ नका.

रानजाई

एक राहिलं, पाहुणा उठण्याचं. धोका तिथेच जास्त आहे. ज्यांना तो पाहून आहे अशा मोठ्या माणसांसोबत सराव करा. कुत्रा लीशवर, लांब. पाहुण्याने बसल्या जागी फक्त थोडं पुढे सरकायचं, तुम्ही तुकडा द्यायचा, पाहुण्याने मागे टेकायचं. मग अर्धं उठून बसणं. मग उभं राहणं. मग एक पाऊल. प्रत्येक पायरीवर ४-५ वेळा, आणि हालचाल दिसल्यावरच तुकडा.

खरोखर निघायची वेळ आली की मात्र सराव नाही. पाहुण्याने बसूनच ‘निघतो’ म्हणायचं, तुम्ही कुत्र्याला आतल्या खोलीत न्यायचं, दार लागल्याचा आवाज आला की मगच पाहुण्याने उठायचं.