याब्रिज: प्लगइनची खिडकी उघडते, पण क्लिक भलतीकडेच लागतं

प्रश्न: लिनक्सवर वाइन १० (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर), याब्रिज ५.१ (विंडोजचे ऑडिओ प्लगइन वाइनमार्फत लिनक्सच्या संगीत सॉफ्टवेअरला जोडणारा पूल), रीपर (संगीत ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर). व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) सिंथचा आवाज नीट येतो, पण त्याच्या खिडकीतल्या नॉबवर क्लिक बसत नाही. उपाय?

उत्तर: प्लगइन ठीक आहे, गडबड वाइनच्या आवृत्तीत आहे. ९.२२ पासून वाइनच्या खिडक्या हाताळण्यात बदल झाला, तो याब्रिज ५.१ ला जुळत नाही. वाइन-स्टेजिंग (वाइनची प्रायोगिक बदलांसह येणारी आवृत्ती) ९.२१ वर या आणि पॅकेज तिथेच रोखून ठेवा, नाहीतर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

उत्तर: त्याआधी वाइन प्रीफिक्सची (वाइनमधले प्रोग्राम आणि सेटिंग ठेवणाऱ्या फोल्डरची) प्रत काढाच. नव्या वाइनने बदललेला प्रीफिक्स जुन्यावर कधीकधी अडतो. वाइन बदलल्यावर टर्मिनलमध्ये 'याब्रिजसीटीएल सिंक' (yabridgectl sync, याब्रिजची प्लगइन-जोडणी ताजी करणारी आज्ञा) चालवून रीपरमध्ये प्लगइन पुन्हा स्कॅन करा.

प्रश्नकर्ता: क्लिक बसलं! आता आवाज तडतडतोय.

उत्तर: टर्मिनलमध्ये 'युलिमिट -आर' (ulimit -r) चालवून बघा. ० आलं तर रिअलटाइम प्राधान्यच (ऑडिओचं काम इतर कामांआधी करण्याची मुभा) मिळत नाहीये; आधी ते द्या, ऑडिओ बफरचा आकार नंतर बदला.