मदत हवी आहे: आठच्या आकड्यावर स्टेअरिंग फिरवताना हात गुंततात

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, वय 43. मागच्या मंगळवारी जळगावला चारचाकीच्या पक्क्या लायसन्सची टेस्ट दिली आणि आठच्या आकड्यावर, म्हणजे 8 सारख्या आखलेल्या वाटेवर गाडी फिरवताना, नापास झाले. पुन्हा टेस्ट द्यायला किमान सात दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात हात बसवायचाय.

झालं असं की पहिला गोल नीट गेला. मध्यावर येऊन डावीकडे वळवताना उजवा हात डाव्यावर चढला, डावा खाली दबला आणि पुढे फिरवायला मोकळा हातच उरला नाही. तेवढ्यात पुढचं चाक पांढऱ्या पट्टीवर! क्लासच्या सरांनी एकच शिकवलंय: तळहात टेकवा आणि गरागरा फिरवा. आमचे हे केळीची पिकअप चालवतात, तेही तसंच एका हाताने फिरवतात. पण माझा तळहात घामाने घसरतो. इथलं ऊन तुम्हाला माहीत आहेच, दुपारी स्टेअरिंगला हात लावता येत नाही. म्हणून पहाटे सहाला मोकळ्या मैदानात विटा मांडून सराव करते.

दोन गोष्टी कृपया सांगा. हात कसे फिरवायचे? आणि वळण संपल्यावर चाकं सरळ झाली हे आतून कसं कळतं?

प्रतिसाद 1
ताई, मी बावीस वर्षं बस चालवली. स्टेअरिंग म्हणजे घड्याळ समजा. हात नऊ आणि तीनच्या जागेवर, अंगठे कडेवर सैल. डावीकडे वळायचं तर डावा हात बारापर्यंत वर न्या, तिथे धरून सहापर्यंत खाली ओढा. त्याच वेळी उजवा हात न धरता नुसता खाली सरकू द्या. मग उजव्याने सहापासून बारापर्यंत वर ढकला, डावा सैल वर येईल. हात एकमेकांवर चढतच नाहीत, मग गुंतणार कुठून? उजवीकडे हेच उलट. स्टेअरिंग आतल्या बाजूने मुठीत धरायची सवय असेल तर ती आधी सोडा, मनगट तिथेच अडकतं. आणि हात एअरबॅगच्या आड येता कामा नये.

पहिला गिअर, हाफ क्लच (क्लच अर्धाच सोडलेला), एक्सलरेटर नाही. गाडी हलत असतानाच फिरवा, उभ्या गाडीत टायर रगडले जातात. नजर बोनेटवर नको, पुढे जायचंय त्या पट्टीवर ठेवा.

प्रतिसाद 2
चाकं सरळ करण्याबद्दल: लहान गाड्यांत स्टेअरिंगचे या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे असतात, म्हणजे सरळपासून एका टोकाला दीड. आधी मैदानात आपल्या गाडीचे मोजून घ्या. गाडी पुढे जात असेल तर चाकं आपोआप सरळ व्हायला बघतात, पण हाफ क्लचच्या वेगात ती ओढ कमी असते. त्यामुळे पूर्ण सोडू नका, हातातून सरकू द्या आणि उरलेलं स्वतः ओढून आणा. बाराच्या जागी पांढरी चिकटपट्टी लावून सराव केला तर फेरे मोजायला सोपं जातं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज पहाटे अकरा वेळा आठ काढला, एकही वीट हलली नाही. चिकटपट्टी फार उपयोगी पडली. उजव्या वळणात डावा हात अजून लवकर घट्ट होतो, तो उद्या बघते.