गच्चीवर आलेला बोलका राघू: ठेवू की देऊन टाकू?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला लिहिता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्यात राहतो. परसात सासऱ्यांनी लावलेला पेरू आहे. थंडी पडली की रोज सकाळी सात-सव्वासातला त्यावर राघूंचा थवा उतरतो, पंधरा-वीस तरी. पेरू खातात असं म्हणायला जीभ रेटत नाही, नासतात. एका पायात धरायचा, चोचीनं भोक पाडायचं, आतल्या बिया तेवढ्या वेचायच्या आणि गर खाली टाकून पुढच्या पेरूला हात घालायचा. हात म्हणजे पायच. ह्यांची रोज चिडचिड होते. मी मात्र चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते. एवढे वीस पक्षी झाडात आहेत हे माहीत असूनही मला एकदम दिसतात ते चार-पाचच. एखादं पान हललं की मग कळतं, ते पान नव्हतंच.

गेल्या गुरुवारी थवा उडून गेला आणि एक मागे राहिला. गच्चीवर वाळवण घालायला गेले होते. टाकीच्या मागून आवाज आला, "आलीस का गं?"

खोटं सांगत नाही, हातातलं सूप पडलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा, थोडा घोगरा, आणि तो "गं" असा लांबवलेला! बघते तर पाइपवर राघू. उजव्या पंखाची लांब पिसं एका रेषेत कापलेली, कात्रीनंच. भिजवलेले हरभरे ठेवले तर घरचा असल्यासारखा चालत आला. जवळून डोळा पाहिला. बाहुली एकदम टाचणीच्या टोकाएवढी होते, मग मोठी, परत बारीक. कॅमेऱ्याचं काहीतरी चालू असतं तसं. गळ्याभोवती कंठाची रेघ नाही, म्हणजे मादी असेल किंवा लहान.

आता खरं दुखणं. माहेरी मिरजेला आमच्याकडे राघू होता, १९८३-८४ ची गोष्ट. तेव्हा घरोघरी असायचे, कुणाला काही वाटायचं नाही. सोप्यात पिंजरा टांगलेला. त्याला कंठ फुटला त्या दिवशी आजीनं आळीत गूळ वाटला होता. तो दूधवाल्याच्या सायकलची घंटी हुबेहूब काढायचा. आजी पातेलं घेऊन दारात जायची, रस्ता मोकळा. दिवसातून दोनदा तिचा अक्षरशः पोपट व्हायचा आणि तरी तिसऱ्या वेळी ती उठायचीच.

तर प्रश्न असे. धाकटे दीर म्हणतात पोपट पाळणं गुन्हा आहे, हे खरं का? याला सकाळच्या थव्यात सोडून दिलं तर जाईल का? आणि ज्या बाईचा तो आवाज आहे तिला शोधायचं कसं? चौथा प्रश्न विचारायला लाज वाटते. ठेवला तर?

नोंदवही

ताई, दीर बरोबर आहेत. आपल्याकडचा कुठलाही देशी पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे, म्हणजे तुमच्या मिरजेच्या राघूनंतर सहा-सात वर्षांनी. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी पिंजरा तुमच्या दारात दिसणार.

थव्यात सोडू नका. कापलेलं पीस वाढत नाही. ते झडावं लागतं, मग त्या जागी नवं येतं, आणि सगळी पिसं बदलायला महिने जातात. तोवर याला मांजर गाठणार किंवा कावळे. शिवाय माणसाच्या हातून खाल्लेला पक्षी भूक लागली की माणसाकडेच जातो, आणि पुढचा माणूस तुमच्यासारखा असेलच असं नाही.

१९२६ हा वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक आहे. फोन करा. ते येईपर्यंत हवा लागेल अशा खोक्यात किंवा पिंजऱ्यात, वर कापड टाकून, शांत जागी ठेवा. पेरू, मका, भिजवलेले हरभरे चालतील. दूध-पोळी नको. मिरची द्या बिनधास्त, तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विष आहे. त्याचा व्हिडिओ मात्र कुठेही टाकू नका. टाकलात तर दहा "मालक" उगवतील.

त्या म्हातारीला शोधायचं मी मनावर घेणार नाही. सापडली तरी तिला पक्षी परत देता येणार नाही आणि उगाच ती अडचणीत येईल.

चौथ्या प्रश्नाला लाजू नका. मी तीस वर्षं दुर्बीण घेऊन हिंडतोय, सुरुवात मामाच्या पिंजऱ्यातल्या पोपटापासूनच झाली. पण जंगली पोपट बघायचेच असतील तर पेरूच्या पुढे जरा जा. सह्याद्रीत निळसर पंखांचा पोपट आहे, तो जगात फक्त पश्चिम घाटातच सापडतो. आंबोलीत सकाळी धुक्यात त्याचा थवा ओरडत जातो आणि दिसत काहीच नाही. जांभळट-लाल डोक्याचा एक आहे, त्याचा आवाज आपल्या राघूपेक्षा फार गोड. आणि पिचू पोपट! चिमणीएवढा, शेपूट आखूड, रात्री वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो. मी आंबोलीत पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, वाळलेल्या फांदीला एकच हिरवं पान कसं राहिलं? ते पान सरकलं. त्या दिवशीच्या वहीत मी फक्त वेळ लिहिलीय, सहा वाजून चाळीस. बाकी काही लिहायचं सुचलं नाही.

बार्शीचा गडी

सगळं वाचलं. छान चाललंय. आता आमचं ऐका.

ज्वारी चिकात आली की राघू येतो. वीस नाही, दोनशे. कणसावर उलटा लटकतो आणि वरून खाली साफ. सूर्यफुलाचं तर विचारू नका. फूल खाली मान घालून असतं, हा गडी वर बसून मान वाकवतो आणि कडेकडेनं बिया काढतो. मी लहानपणी माळ्यावर राखणीला बसायचो, गोफण आणि पत्र्याचं डबडं घेऊन. अंधारात जायचं आणि दिवस वर येईपर्यंत हाऽऽ हाऽऽ करून घसा बसवायचा. आता चमकणाऱ्या फिती बांधतो. पहिले चार दिवस घाबरतात, पाचव्या दिवशी फितीवरच बसतात.

तरी एक सांगतो. एवढ्या वर्षांत गोफण कधी नेम धरून मारली नाही. आवाज काढायचा, फट्ट, आणि सगळं रान एकदम उठायचं. ते उठलं की ऊन खालून लागायचं त्यांच्या पंखांना. आमचे वडील रागानं शिव्या द्यायचे आणि शिवी देताना बघत राहायचे. हुरड्याला या, दाखवतो. पण पेरूचं दुःख आमच्यापुढे सांगू नका.

टेम्सकाठी

बार्शीकर, तुमचे दोनशे आमच्याकडे पोचले आहेत.

मी लंडनला एकवीस वर्षं आहे. पहिल्या हिवाळ्यात नोकरी नव्हती, संध्याकाळी चार वाजता काळोख, घरी फोन केला की आई म्हणायची "आवाज बसलाय का रे?" एक दिवस केन्सिंग्टन गार्डन्समधून चालत होतो. झाडांना एक पान नाही, आणि वरून तोच आवाज. कीऽक कीऽक. मला वाटलं कुणाच्या मोबाइलची रिंग. वर बघतो तर निष्पर्ण झाडावर आपला राघू, गळ्यात गुलाबी कंठ, त्या करड्या आभाळात भडक हिरवा. तिथं बऱ्याच वेळ उभा राहिलो, लोक बाजूनं जात होते.

इथं हे १९६९ पासून जंगलात पिल्लं वाढवतायत. कसे आले यावर गप्पा फार. सिनेमाच्या शूटिंगमधून सुटले म्हणे, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं जोडी सोडली म्हणे. इथल्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली पोपट कुठे कुठे दिसले याच्या जुन्या नोंदी नकाशावर मांडून बघितल्या, त्यात या एकाही गोष्टीला आधार मिळाला नाही. पाळलेले सुटत गेले, कुणी सोडून दिले, एवढंच. युरोपातले हे पोपट मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचे, असं जनुकीय तपासणीतून दिसलंय. म्हणजे बार्शीचे नसावेत, पण मी मनातल्या मनात बार्शीचेच धरतो.

केन्सिंग्टन गार्डन्समध्ये पीटर पॅनच्या पुतळ्याजवळ लोक हातावर सफरचंद ठेवून उभे राहतात आणि हे येऊन हातावर बसतात. उद्यानवाले खायला घालू नका म्हणतात. मी एकदाच केलं. पुढे दोन बोटं, मागे दोन बोटं, चिमट्यासारखी पकड, आणि वजन जवळजवळ नाहीच. इथले पक्षीवाले यांच्यावर खार खाऊन असतात, ढोल्या बळकावतात म्हणून, आणि त्यांचं चुकीचं नाही. माझ्याच कॉलनीतली शेजारीण विचारते, "तुमच्याकडचे का हे?" हो म्हणावं की माफी मागावी कळत नाही.

खडीसाखर

अंगणवेल, चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण माझ्याकडे आहे. राघू नाही, कॉकटील. परदेशी जात. दुकानात "लव्हबर्ड" म्हणून विकतात ते बहुतेक बजरीगर असतात, तेही ऑस्ट्रेलियाचेच. यांना आपला देशी पोपटाचा कायदा लागत नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे असले मोठे पक्षी घेणार असाल तर मात्र नोंदणीचे नियम आहेत, आधी ते बघा. माझं ऐकाल तर घेऊच नका.

आमचा साडेसहाला उठवतो. रविवार, दिवाळी, मला ताप, काही नाही. अंगातून पांढरी पावडर पडते, माझ्या भाचीला दमा आहे, ती आता आमच्याकडे राहायला येत नाही. पहिलं वर्ष मी नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवला, दुकानदारानं तसंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी झापलं. नुसत्या बियांत 'अ' जीवनसत्त्व नाही, लिव्हरवर चरबी चढते. आता गाजर किसून, पालक, शिजवलेला मूग. तीन महिने त्यानं गाजर फेकलं, मी उचललं. नॉनस्टिक तवा घरातून काढून टाकला. रिकामा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही.

मग ठेवलाय कशाला? मी दाराला किल्ली लावली की आतून शीळ येते. मी उलट शीळ घालते. तो पुढची ओळ घालतो. बारा वर्षं हे चाललंय आणि अजून मला दारात उभं राहून ती संपवल्याशिवाय आत जाववत नाही. पण मी पाच दिवस दिल्लीला गेले होते तेव्हा त्यानं छातीची पिसं उपटली. तो मला चांगला ओळखतो, हेच त्याचं दुखणं आहे. तुमचा राघू पंचवीस वर्षं जगेल. तुमचं वय विचारत नाही.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. वय एकसष्ट. खडीसाखर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून दिवसभर तुमच्यावर रागावले होते.

तीन दिवस ठेवला. नोंदवही, रागावू नका, लगेच फोन करवला नाही. त्या तीन दिवसांत तो फक्त एवढंच बोलला, "आलीस का गं?" मी स्वयंपाकघरातून आले की म्हणायचा, आणि ह्यांना मात्र कधीच नाही. कुणीतरी बाई दिवसभर एकटी बसून कुणाची तरी वाट बघत असणार, आणि याला तेवढंच ऐकू यायचं. हे तिसऱ्या रात्री डोक्यात आलं आणि झोप उडाली. सकाळी १९२६ लावला.

दुपारी दोघं आले. एक पोरगेलासा वनरक्षक, त्यानं कापड उचललं तशी आतून विचारणा झालीच. तो दचकून मागे सरला आणि "हो, आलो" म्हणाला. ह्यांना हसू आवरेना. कागदावर सही केली. माझा हात थरथरत होता, तर त्यांना वाटलं मी घाबरले.

परवा चौकशीला फोन केला. नवी पिसं यायला वेळ आहे, पण खातोय. त्याच पिंजऱ्यात आणखी सहा आहेत, सगळे घराघरांतून आलेले. त्यातला एक कुकरच्या शिट्ट्या काढतो, तीन पुऱ्या. आमचा अजून तिथं काही बोललेला नाही, म्हणाले.

बार्शीकर, हुरड्याला आम्ही दोघं येतोय. दुर्बीण नाही, ह्यांचा मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा आहे तेवढा. आज सकाळी पेरूवर तेवीस होते, मी दोनदा मोजले. पेरू एक उरला होता, तोही नेला.