लहान देशांनी परदेशांत आपल्या हिताची बाजू कशी लावून धरावी?

प्रश्न : अनुजा, पुणे

मी पुण्यात राज्यशास्त्रात एम. ए. करत असून प्रबंधासाठी लहान देशांचे परराष्ट्र व्यवहार हा विषय घेतला आहे. ज्या देशाची लोकसंख्या पाच-दहा लाखांच्या आतबाहेर आहे, ज्याच्या परदेशांत मोजक्याच वकिलाती आहेत आणि ज्याच्या एकेका राजदूताला चार-पाच देशांचा कारभार पाहावा लागतो, त्याने वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्समध्ये लॉबिंग, म्हणजे तेथील सरकार व लोकप्रतिनिधींकडे आपली बाजू लावून धरण्याचे काम, उभे करायचे म्हटले तर सुरुवात कोठून करावी? वाचनात मुख्यतः दोन मार्ग आढळले. एक म्हणजे पैसे मोजून व्यावसायिक लॉबिंग कंपनी नेमणे आणि दुसरा म्हणजे तेथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना संघटित करणे. परंतु ज्याच्याकडे पैसाही नाही आणि मतदार म्हणून वजन असलेला समाजही नाही, अशा देशाचे काय? शिवाय 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाने आपले अधिकृत कामकाज यजमान देशाच्या परराष्ट्र खात्यामार्फत करायचे असते. मग खासदारांना परस्पर गाठणे त्यात कसे बसते?

उत्तर : वि. ग., कोथरूड

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. आपण म्हणता ते कलम 41 आहे आणि त्यात यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये असेही म्हटले आहे. व्यवहारात मात्र राजदूतांनी लोकप्रतिनिधींना भेटणे, त्यांना जेवायला बोलावणे, समितीच्या सदस्यांना टिपणे पाठवणे हे सर्वत्र चालते आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत येते ती पैसा कोणाचा आणि बोलविता धनी कोण, हे लपवले तर. अमेरिकेने त्यासाठी 1938 मध्येच कायदा केला. परदेशी सरकारसाठी काम करणाऱ्या कंपनीला न्याय खात्याकडे नोंदणी करावी लागते, करारनामा जोडावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी मिळालेली रक्कम व घेतलेल्या भेटीगाठी कळवाव्या लागतात. ही कागदपत्रे सर्वांना खुली असल्यामुळे कोणत्या देशाच्या वतीने कोणत्या दिवशी कोणत्या सिनेटरच्या कार्यालयात फोन गेला, हे आपल्याला पुण्यात बसून वाचता येईल. प्रबंधासाठी याहून चांगली कच्ची सामग्री मला तरी ठाऊक नाही.

कंपनी नेमून काम होते का? होते, पण ते कसे झाले हे पाहायला हवे. तैवानच्या सत्ताधारी पक्षाशी संबंधित एका संस्थेने 1994 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅसिडी कंपनीशी तीन वर्षांसाठी 45 लाख डॉलरचा करार केला. अध्यक्ष ली तेंग-हुई यांना कॉर्नेल या त्यांच्या जुन्या विद्यापीठात भाषणासाठी जायचे होते आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा देण्यास तयार नव्हते. मे 1995 मध्ये प्रतिनिधिगृहाने 396 विरुद्ध 0 आणि सिनेटने 97 विरुद्ध 1 मतांनी व्हिसा द्यावा असा ठराव केला, सरकार नमले आणि जूनमध्ये ली कॉर्नेलला पोहोचले. त्यानंतर काही आठवड्यांतच चीनने तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागण्यास सुरुवात केली. म्हणजे लॉबिंग शंभर टक्के यशस्वी झाले आणि पुढचा प्रसंग निस्तरणे कंपनीच्या करारात नव्हते.

कुवेतचे उदाहरण आणखी कडू आहे. इराकच्या आक्रमणानंतर कुवेतच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका संघटनेने हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी नेमली. ऑक्टोबर 1990 मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर एका पंधरा वर्षांच्या मुलीने, इराकी सैनिकांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढून टाकल्याची साक्ष दिली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती, हे 1992 मध्ये उघड झाले आणि तिच्या कथनाला पुरावा मिळाला नाही. कुवेतवर आक्रमण खरोखर झाले होते, त्याची बाजू मुळात भक्कम होती, तरीही आज त्या मोहिमेचे नाव निघाले की पहिल्यांदा ही साक्षच आठवते.

ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे एक गोष्ट असतेच, ती म्हणजे संयुक्त राष्ट्रांतले मत. आमसभेत तुवालूचे मत आणि चीनचे मत एकच मोजले जाते. हे भांडवल एकट्याने वापरले तर त्याची किंमत कोणी करत नाही, परंतु गठ्ठ्याने वापरले तर मोठ्यांनाही दारात यावे लागते. लहान द्वीपराष्ट्रांची आघाडी 1990 मध्ये उभी राहिली, आज तिचे 39 सदस्य आहेत, आणि 2015 च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा उल्लेख आला त्यात या आघाडीचा व मार्शल बेटांचे टोनी डी ब्रम यांचा मोठा वाटा होता. सिंगापूरच्या पुढाकाराने 1992 मध्ये सुरू झालेल्या लहान देशांच्या मंचात प्रथम 16 देश होते, आता शंभरावर आहेत.

पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या द्वीपराष्ट्राचा प्रयत्न तर मुद्दाम अभ्यासावा. तेथील विद्यापीठ परिसरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये हवामानबदलाबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे अशी कल्पना मांडली, सुमारे तीन लाख वस्तीच्या या देशाच्या सरकारने ती उचलली, मार्च 2023 मध्ये आमसभेने तसा ठराव मतदानाविना एकमताने संमत केला आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने मत दिले. मागणी एकच होती आणि ती चार वर्षे बदलली नाही.

उत्तर : फळवाला, मार्केट यार्ड

वि. ग. साहेबांचे विवेचन आवडले, परंतु आमसभेतल्या मतांवर बाजारपेठ उघडत नाही. तेथे वेगळे गणित असते.

युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होते. आधीच्या वर्षी फळभाज्यांच्या 207 खेपांमध्ये कीड सापडल्याचे कारण होते. ऐन हापूसच्या हंगामात ही बंदी आल्यामुळे निर्यातीसाठी निवडलेल्या पेट्या स्थानिक बाजारात उतरू लागल्या. आम्ही येथून पत्रे पाठवत होतो, पण लंडनमध्ये आवाज उठवला तो तेथील व्यापाऱ्यांनी. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी विषय उचलून धरला, कारण त्यांच्या मतदारसंघातल्या दुकानदारांचा धंदा बुडत होता. भारताचे हित हे त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते आणि तसे असण्यात काही वावगे नाही.

मात्र बंदी 2015 च्या आरंभी उठली ती केवळ आरडाओरड्यामुळे नव्हे. मान्यताप्राप्त पॅकहाऊस, गरम पाण्याची किंवा बाष्पाची प्रक्रिया, दाखल्यांची तपासणी हे सर्व आपण केले आणि युरोपच्या निरीक्षकांना येऊन पाहू दिले. आंबा सुटला, भाज्यांवरची बंदी मात्र पुढे चालू राहिली. त्यामुळे माझा सल्ला असा, की त्या देशात आपल्यामुळे कोणाचा गल्ला भरतो हे आधी शोधावे आणि तो माणूस बोलायला उभा राहील तेव्हा त्याच्या हातात द्यायला आपले कागद तयार ठेवावेत.

प्रतिसाद : अनुजा

दोघांचेही आभार. परंतु फळवाला काका, भारत हा मोठा देश आहे. अँटिग्वासारख्या चिमुकल्या कॅरिबियन देशाचे काय? ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात त्याने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला, 2007 मध्ये वर्षाला 2 कोटी 10 लाख डॉलरच्या प्रतिकारात्मक उपायांची, म्हणजे अमेरिकेला दिलेल्या व्यापारी सवलती तेवढ्यापुरत्या रोखण्याची, मुभाही मिळवली, तरी अमेरिकेने आपली बाजारपेठ उघडली नाही.

उत्तर : सातारकर, हल्ली मुक्काम सदाशिव पेठ

अनुजाताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या इतिहासात सापडेल. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने 1839 मध्ये पदच्युत केले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तेथेच राहून महाराजांची बाजू मांडत राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून भाषणे केली, पुस्तिका छापल्या, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे पार्लमेंटचे सभासद आपल्या बाजूला वळवले. बाजू न्यायाची होती, वकील निष्ठावंत होता आणि चिकाटी तर विलक्षण होती. दरम्यान महाराज काशीला वारले आणि 1848 मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले. लंडनमध्ये सहानुभूती मिळाली, पण सातारचे राज्य राहिले तर आपला फायदा आहे असे म्हणणारा एकही गट तेथे नव्हता. अँटिग्वाचेही मला तसेच दिसते.

पुढच्या पिढीने रचना बदलली. काँग्रेसची ब्रिटिश समिती 1889 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली, ‘इंडिया’ नावाचे नियतकालिक सुरू झाले आणि 1893 मध्ये ब्रिटिश खासदार विल्यम वेडरबर्न यांनी पार्लमेंटमध्येच सभासदांची भारतविषयक समिती उभी केली. नामदार गोखले लंडनला जात तेव्हा त्यांना ओळखीची माणसे आणि चालते कार्यालय तयार मिळे. रंगो बापूजींना हे सारे एकहाती करावे लागले होते.

उत्तर : वि. ग., कोथरूड

सातारकरांशी बहुतांशी सहमत आहे, पण अँटिग्वाबाबत एक भर घालतो. खटला जिंकणे आणि अंमलबजावणी करून घेणे यांसाठी दोन वेगळी पथके लागतात आणि लहान देशाचा सारा जीव पहिल्यातच खर्ची पडतो. खर्च वाटून घेण्याच्या सोयी आता आहेत. जिनिव्हात 2001 पासून व्यापार कायद्याचे सल्ला केंद्र गरीब देशांना सवलतीच्या दरात वकील पुरवते. राष्ट्रकुलाने न्यूयॉर्कमध्ये 1983 पासून आणि जिनिव्हात 2011 पासून लहान देशांच्या दूतावासांना एकाच इमारतीत जागा दिली आहे. तेथे शेजारच्या दालनातल्या देशाचा ठरावाचा मसुदा दुपारच्या जेवणाआधी वाचायला मिळतो, हा लाभ भाड्यातल्या बचतीपेक्षा मोठा आहे.

खरी अडचण माणसे टिकवण्याची असते. तीन वर्षांनी राजदूत बदलतो, त्याच्याबरोबर ओळखीही जातात आणि नवा माणूस पुन्हा परिचयपत्रांपासून सुरुवात करतो. त्यामुळे कंपनी नेमायचीच असेल तर ती दार उघडण्यापुरती आणि ठरावीक मुदतीसाठी नेमावी, विषयाची फाइल मात्र आपल्याच एका माणसाकडे दहा वर्षे ठेवावी. प्रबंधासाठी वानुआतू आणि तैवान या दोन प्रकरणांची तुलना घ्या. तैवानच्या कंपनीने भरलेली विवरणे न्याय खात्याच्या नोंदींत शोधा आणि वानुआतूच्या ठरावाचे सहप्रायोजक देश कोणत्या क्रमाने जोडले गेले, ते आमसभेच्या दस्तऐवजांतून लावून पाहा.