मदत हवी आहे: बॉल पायथन अंगावर धावून येतोय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. माझ्याकडे दोन वर्षांचा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. (आपल्याकडचे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आधीच सांगितलं.)

विसर्जनाची मिरवणूक आमच्या दारावरूनच गेली. डॉल्बीने खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि त्याची टाकी भिंतीला लागूनच. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीची थरथर जबड्यातून थेट जाणवते. त्या रात्रीपासून तो बदललाच. आधी हातात घेतला की गोळा होऊन डोकं आत लपवायचा. आता झाकण सरकवलं तरी मान एससारखी वळवून फुसकारतो. परवा पाणी बदलताना अंगठ्याजवळ चावला. बारीक ठिपके उठले, विष तर नसतंच, पण बिचारा किती घाबरलाय ते बघून पोटात कालवलं.

टाकी आतल्या खोलीत हलवली, तीन बाजूंनी कापड लावलं. उबदार कोपरा ३२ अंशांवर आहे. लपायला मडकं एकच, तेही गार बाजूला. तीन आठवडे उंदीर खाल्ला नाही. वजन मात्र उतरलेलं नाही.

हाताळणं किती दिवस बंद ठेवू? खायला लागल्यावरच पुन्हा सुरू करायचं का? उबदार बाजूलाही मडकं ठेवलं तर फरक पडेल? कोल्हापूर-सांगलीकडे असे प्राणी तपासणारे पशुवैद्य माहीत असतील तर कृपया कळवा.