क्रोशाची खेळणी विकायला आयएसआय मार्क लागतो का?

लोकरवेडी (चिंचवड)

नमस्कार मंडळी. मी क्रोशाची खेळणी विणते. हत्ती, ससे आणि मोरपिसांच्या टोपीचा एक वासुदेव. सगळ्यात जास्त खपतो तो वासुदेवच. आजवर बारशाच्या ऑर्डरी आणि व्हॉट्सअॅप यावरच भागत होतं. आता दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात स्टॉल मागितला, तर आयोजक म्हणतात खेळणी असतील तर आयएसआय मार्क दाखवा, नाहीतर नुसती तोरणं आणि रुमाल मांडा. परवाना काढून देणाऱ्या एका सल्लागाराने जो खर्च सांगितला तो ऐकून मी पाणी प्यायले. सासूबाईंचा सल्ला, "शोपीस म्हणून चिठ्ठी लाव आणि मोकळी हो." असं चालतं का? आणि फ्लॅटच्या बाल्कनीत बसून विणणाऱ्या बाईने कारखान्याचा परवाना काढायचा तरी कसा?

रोखठोक

हाताने केलं म्हणजे सुरक्षित, हे कोणी ठरवलं? बाळ डोळा उपटून गिळतं तेव्हा तो यंत्राने बसवलाय की हाताने, हे बघत नाही. नियम सगळ्यांना सारखे हवेत.

चितारआळी (सावंतवाडी)

रोखठोक, डोळ्याचं तुमचं बरोबर, पण नियम सगळ्यांना सारखे नाहीतच मुळी. ताई, नीट वाचा, लांबलचक लिहितोय. आमच्या घरात लाकडी खेळणी होतात, त्यामुळे या कायद्याशी रोजची गाठ आहे.

खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 चा. 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली वस्तू म्हणजे खेळणं, आणि त्यावर आयएसआय हवा. रोख मुख्यतः स्वस्त आयात मालावर होता, आणि तो माल बघितला की कायदा हवाच होता असं माझंही मत आहे. पण परवाना मिळतो तो कारखान्याच्या पत्त्यावर, आणि चाचणीत नमुना ओढून, आपटून, जाळून बघतात. एका साच्यातून दहा हजार नग पडतात त्याला हे परवडतं. तुमचा प्रत्येक वासुदेव वेगळा, चाचणीला कुठला देणार आणि विकणार कुठला?

हे सरकारच्याही लक्षात आलं, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना हा आदेश लागू नाही. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची नोंदणी असलेल्या खेळण्यांच्या अधिकृत वापरकर्त्यांनाही सूट आहे, म्हणजे चन्नपट्टणा, कोंडापल्लीची लाकडी खेळणी वगैरे. तुमच्यासाठी पहिली वाट. याच कार्यालयाचं कारागिराचं ओळखपत्र, 'पहचान' कार्ड म्हणतात ते काढा. क्रोशा हस्तशिल्पात धरतात. अधिकारी काम बघतात, तेव्हा अर्धवट विणलेला हत्ती सुईसकट समोर ठेवा.

आता मेख. सूट खेळण्याला नाही, नोंदलेल्या माणसाला आहे, आणि "बनवून विकलेल्या" हे दोन्ही शब्द मोजून घातलेत. सोसायटीतल्या चार बायकांकडून विणून घेऊन तुम्ही एकट्या कार्डावर विकू लागलात तर ते बसणार नाही, त्यांचीही कार्डं काढा. दुकानात ठेवायला दिलंत तर दुकानदार घाबरणारच, कारण मार्क नसलेला माल विकला तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो, आयएसआय मार्क देणारी संस्था) कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख दंड. त्याला कार्डाची प्रत आणि दुरुस्तीचा कागद आधीच द्या. आयोजकांनाही तेच. त्यांना नियम अर्धाच ठाऊक असतो.

शोपीसचं म्हणाल तर सासूबाईंना माझा नमस्कार, पण नको. तुमच्या पानावर हत्ती चघळणाऱ्या बाळाचा फोटो असणार, मग शोपीस कसलं?

लोकरवेडी

फोटो आहे हो! काढते लगेच. 😅 म्हणजे कार्ड मिळालं की चाचणीबिचणी काही नाही?

लेस्टरकर

मार्काची सक्ती नाही म्हणून चाचणी सोडू नका, असं मला वाटतं. मी इथे इंग्लंडमध्ये शनिवारच्या बाजारात विणलेली खेळणी विकते. आम्हाला सूट नाही, सीई (युरोपची) किंवा यूकेसीए (ब्रिटनची) सुरक्षेची खूण हवीच. पण साध्या खेळण्याची जबाबदारी स्वतःच्या सहीवर घेता येते, प्रयोगशाळेत जायलाच हवं असं नाही. ईएन 71 या खेळण्यांच्या युरोपीय सुरक्षा मानकाप्रमाणे डोळा 90 न्यूटनने ओढायचा. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला खेळणं टांगून डोळ्याला नऊ किलोंचं वजन दहा सेकंद लटकवते. नवऱ्याने याला फाशीघर नाव ठेवलंय. लोकर आणि कापूस विकणाऱ्याकडून रंगातल्या जड धातूंचा अहवाल मागायचा, सगळं एका फाइलमध्ये लावायचं आणि ती दहा वर्षं जपायची. कंटाळवाणं आहे, पण खर्च फार नाही.

चितारआळी

हेच लिहिणार होतो. आपल्याकडचं मानक आयएस 9873. त्याच्या पहिल्या भागात सुटे भाग, टोकं, दोऱ्या, दुसऱ्यात आग, तिसऱ्यात शिसं, कॅडमियम धरून आठ धातू. सुट्या भागासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी असते, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा निघालेला तुकडा त्यात पूर्ण बसला की नापास. आमच्याकडे लाकडी फळांच्या संचातलं आवळ्याएवढं फळ याच कारणाने लहान मुलांच्या संचातून गेलं. वडील अजून कुरकुरतात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे, डब्यावर तसं छापलेलं बघूनच घेतो. कलाकारांच्या ट्यूबा खेळण्याला लावत नाही.

तुम्हाला सोपं आहे. प्लॅस्टिकचे डोळे बंद करा, दोऱ्याने भरा. गळ्यातली घंटा, मणी काढा. वासुदेवाच्या टोपीतलं खरं मोरपीस असेल तर तेही.

लोकरवेडी

मोरपीस लोकरीचंच आहे, पण चिपळ्या लाकडी मण्यांच्या आहेत. त्या आज रात्री उसवते. कार्डाच्या अर्जाला फोटो कामाचे हवेत की तयार मालाचे?

चितारआळी

दोन्ही ठेवा. आधार आणि बँकेचं पासबुकही बरोबर न्या. प्रदर्शनाची तारीख जवळ असेल तर यंदा तोरणं मांडा, कार्ड दिवाळीआधी येईलच असं धरू नका.