नैऋत्येचा मुरमाड उतार: काय लावलं तर टिकेल?

उतारावरचा
पुरंदर तालुक्यात घरामागे नैऋत्येकडे तोंड असलेला उतार आहे. रुंदी ४० फूट, वरून खालपर्यंत अंतर २५ फूट, त्यात ९ फुटांची उतरण. वर वीतभर माती, खाली मुरूम. दुपारभर ऊन थेट अंगावर. पावसात ओघळी पडतात. बोअरला फेब्रुवारीपर्यंत पाणी, पुढे टँकर. लॉन आणि एक्झोरा एप्रिलमध्येच करपले. शेळ्या मोकळ्या फिरतात. आता काय लावू?

वाळ्याची_ओळ
झाडांचं नंतर बघू, आधी ओघळी. माती वाहून जात असेल तर कुठलंही रोप उघडं पडणार. दर मीटरभर उतरणीला वाळ्याची एक आडवी ओळ, म्हणजे तुम्हाला मध्ये दोन ओळी. प्रत्येकी १२ मीटर, १५ सेंमीवर एक जागा, जागेला दोन फुटवे. दोन ओळींना मिळून सव्वातीनशे फुटवे लागतील. पानं २० सेंमी आणि मुळं १० सेंमी ठेवून छाटा आणि मगच लावा.

ओळ नजरेने आखू नका. थोडी जरी तिरकी गेली तरी पाणी तिच्या कडेने धावतं आणि टोकाला नवी ओघळ पाडतं. सात फुटी दोन बांबू शेंड्याला बांधा, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीने दगड लोंबता सोडा. पाय टेकले तिथे खुंट्या ठोका, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. झाली तुमची लेव्हल, खर्च शून्य.

जागा भरावाची असेल तर चर मात्र खणू नका. चरात पाणी मुरून भराव बसतो.

खड्डा_आधी
वाळ्याबद्दल सहमत. खड्डे आत्ता, मे महिन्यातच घ्या, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुरूम फेकून देऊन खड्डा नुसत्या पोयट्याने आणि शेणखताने भरणे. मुळं त्या मऊ मातीतच गोल फिरत राहतात आणि जोराच्या पावसात खड्ड्याची बादली होते. पाणी तुंबून बुंधा कुजतो. निघालेला मुरूमच निम्मा परत घाला, बाकी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. तळाला पहारीने तीन-चार भोकं पाडा.

रोप फूट-दीड फुटाचंच घ्या. पाच फुटी झाड दिसायला छान, पण पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली असते. असं झाड पहिला उन्हाळा क्वचितच काढतं.

रानझुडूप
शेळ्यांचं उत्तर झाडांतच आहे. तरवड, निर्गुडी, सीताफळ, घायपात, रुई यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. तरवडाचं बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून थेट जागेवर टोका. निर्गुडीची पेन्सिलीएवढी काडी जूनमध्ये खोचली की लागते. सीताफळ तुमच्या तालुक्याचंच, आठ फुटांवर एक. उन्हाळ्यात ते पानं टाकून खराटा होतं, तेव्हा मेलं समजून पाण्याचा मारा करू नका. वरच्या कडेला करवंद, तीन फुटांवर. पहिली दोन वर्षं रडतखडत वाढतं, नंतर कुंपणच. ती दोन वर्षं तेवढी बाभळीच्या फांद्या टाकून राखा.

उतारावरचा
कण्हेर चालेल का? आणि पाणी किती द्यायचं?

रानझुडूप
टिकाऊपणात कण्हेरीला तोड नाही, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं असतील तर सोडून द्या. घायपातही पायवाटेपासून चार फूट लांब, पानाचं टोक सुईसारखं असतं.

खड्डा_आधी
पहिल्या वर्षी फेब्रुवारी ते मे दर आठ-दहा दिवसांनी झाडामागे १० लिटर, सावकाश. रोज तांब्याभर पाणी देणं सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात आणि तापतात. दुसऱ्या वर्षी वीस दिवसांनी. रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राचा बांध, आत चार बोटं वाळलं गवत. बुंध्याला ते चिकटू देऊ नका, वाळवी चढते.

वाळ्याची_ओळ
वाळा पण पहिल्या उन्हाळ्यात पाणी मागतो, त्याला विसरू नका. आणि फाल्गुनाआधी उताराच्या खालच्या कडेचं सहा फूट गवत काढून जमीन उघडी ठेवा. खालून आलेला वणवा चढावर फार झपाट्याने पळतो.

उतारावरचा
बांबू आहेत घरात. रविवारी ओळी आखतो. वाळ्याचे फुटवे मेमध्येच आणून ठेवू का?

वाळ्याची_ओळ
नको, पहिला दमदार पाऊस झाल्यावर आणा. उपटलेले फुटवे दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, ठेवायचेच तर ओल्या गोणपाटात, सावलीत.